पानं पिवळी झालीच आहेत

३ ऑक्टोबर

पोचलो. सात तास बसमध्ये, त्यातले पाच तास शेजाऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर. उतरताना त्यानेच माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझा खांदा त्याला टोचला.

ही वही हिने बॅगेत कोंबली. म्हणाली, "तिकडे भांडायला माणूस मिळणार नाही, वहीशी भांडा." चौतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाची बायकोने केलेली किंमत ही.

कामगिरी अशी. आमच्या स्टुडिओशेजारच्या छापखानेवाल्याला दरवर्षी कॅलेंडरसाठी पानगळीच्या रंगांचा एक फोटो लागतो. गेल्या वर्षीचा बघून मी सहज विचारलं, हा फोटोग्राफरने काढलाय की त्याच्या स्टँडने? तर तो म्हणाला, "मग यंदा तुम्हीच काढा." जीभ आवरायला हवी होती. पण साठीनंतर जीभही आवरायची म्हटलं तर माणसाकडे उरतं काय? वीस तारखेपर्यंत फोटो द्यायचाय.

खोली हिने 'ओळखीतून' मिळवली. कोणाच्या, ते सांगितलं नाही. माळ्यावरची खोली, छत खिडकीकडे उतरत जाणारं. आल्यापासून तीनदा डोकं आपटलं. घरमालकीण निवृत्त नर्स आहे. तिसऱ्या वेळी खालूनच ओरडली, "टेंगूळ आलं तर सांगा, नाही आलं तर पुढच्या वेळी सांगा."

याच गावात माझा धाकटा भाऊ राहतो. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. हा निव्वळ योगायोग. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, आणि डोंगर काही त्याच्या बापाचे नाहीत.

(बाप एकच आहे, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. असो.)

५ ऑक्टोबर

काल आणि आज कड्यावर जाऊन आलो. वर एक सपाट खडक आहे, तिथून समोरचा अख्खा उतार दिसतो. मेपल, ओक, आणखी कसलीकसली झाडं. आणि काय रंग! सोनं नुसतं. सगळा डोंगर पिवळाधमक. मी ऐन वेळेवर आलोय.

एकच अडचण, धुकं. सकाळी होतं, दुपारी होतं, संध्याकाळीही होतं. खाली आल्यावर घरमालकीणबाईंना म्हटलं, "काय हो तुमचं गाव, धुकं हटतच नाही."

त्या गच्चीत चादरी वाळत घालत होत्या. आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "धुकं?"

"मग काय तर."

"आणि पानांचं काय म्हणताय?"

"पिवळी झाली की सगळी. तुमचं लक्ष नसेल."

"अजून दहा दिवस आहेत रंग यायला," त्या म्हणाल्या आणि चिमटा दातात धरून मला निरखत राहिल्या. नर्स होत्या म्हणून सोडून दिलं. आयुष्य पांढऱ्या भिंतींमध्ये गेलं, रंगातलं काय कळणार बिचारीला.

६ ऑक्टोबर

हिला तीन फोटो पाठवले. लगेच फोन आला.

"अहो, छान आहे. हिरवंगार."

"हिरवंगार? नीट बघ. सोनं आहे सोनं."

"हिरवंच आहे हो. आणि जरा हललंय का?"

"कॅमेरा स्टँडवर होता."

"मग डोंगर हलला असेल."

पस्तीस वर्षांच्या संसारात मी हिला इतकं शिकवलं, त्यात खोचक बोलायचं तेवढं शिकली. हिचा फोन जुना आहे, पडद्यावरचे रंग उडालेत. परत गेल्यावर नवीन घेऊन देईन, म्हणजे तिला माझी कला दिसेल.

शेवटी विचारलं, "गावात कोणी भेटलं का?"

"कोण भेटणार?"

"नाही, आपलं विचारलं."

८ ऑक्टोबर

छापखानेवाल्याचा निरोप आला: "फोटो धूसर आहेत. पानं हिरवी आहेत. पिवळी झाली की काढा."

झाली आहेत! पानं पिवळी झालीच आहेत! इथे मी उभा आहे, डोंगर समोर उभा आहे, आणि सात तासांवर छापखान्यात बसलेला माणूस मला सांगतोय पानांचा रंग.

धूसर दिसण्याचं कारण अर्थात धुकं. शिवाय लेन्समध्ये काहीतरी बिघाड आहे. सूर्य थोडा समोर आला की त्याच्या सुया फुटतात चारी बाजूंनी. काल घरमालकीणबाई म्हणाल्या, "कॅमेरा आपोआप फोकस करतो ना हल्ली? माझ्या भाचीचा करतो." मी त्यांना शांतपणे समजावलं की ती सोय आळशांसाठी असते, मी आजन्म हाताने फोकस केलाय. त्या म्हणाल्या, "चहा बशीत ओतताय तुम्ही." मला बशीतूनच प्यायचा होता.

१० ऑक्टोबर

पडलो.

कड्यावरून उतरताना एक पायरी होती तिथे नव्हती. म्हणजे मला वाटलं होती. नाही, उलट. असो, पायरीची चूक. कॅमेरा छातीशी धरला म्हणून तो वाचला. गुडघा सोलला आणि खिशातला वाचायचा चष्मा चिरडला. चष्म्याच्या नावाखाली माझ्याकडे तेवढाच होता. लांबचं मला व्यवस्थित दिसतं.

घरमालकीणबाईंनी गुडघा धुतला. हात हलका, तोंड नाही. "चष्म्याचं दुकान गावात एकच. बाजारातल्या चढावर, बेकरीच्या वर. माणूस चांगला आहे."

"माहीत आहे," म्हटलं.

"चांगला आहे हे माहीत आहे, की दुकान?"

या बाईंना नोकरीत कोणी तोंड बंद ठेवायला शिकवलं नव्हतं वाटतं.

११ ऑक्टोबर

पाय सुजलाय. दिवसभर खोलीत. वर्तमानपत्र हात लांब करून वाचतोय. हात अजून वीतभर लांब हवे होते. म्हणून हेच लिहून टाकतो. वहीला तरी कळू दे कोण बरोबर होतं.

स्टुडिओ आम्हा दोघांचा. मी मोठा, म्हणून मुख्य कॅमेरा माझा. लाइट, स्टँड, गिऱ्हाइकांना हसवणं धाकट्याकडे. एका घरातली अडतीस माणसं आम्ही जिन्यावर बसवून काढली होती. पणजीपासून तान्ह्या पोरापर्यंत एकही डोळा मिटलेला नाही, एकही मान वाकडी नाही. तो फोटो मोठा करून काचेत लावला. वर्षभर लोक रस्त्यात थांबून बघायचे. मी दारात उभा राहून ते बघणं बघायचो.

आणि एक दिवस धाकट्याच्या कॉम्प्युटरवर काहीतरी शोधताना मला एक फोल्डर सापडलं. नाव: 'दादाचे समारंभ, दुसरे'. दोन वर्षांचे सगळे समारंभ. प्रत्येक ठिकाणी माझ्या मागे उभं राहून त्याने गुपचूप तोच फोटो पुन्हा काढलेला. आणि गिऱ्हाइकाला गेलेला, काचेत लागलेला, अडतीस माणसांचा तो फोटो त्याचा होता. माझा त्याच्या शेजारीच ठेवलेला. धूसर होता.

मी म्हटलं, "तू मला चोर केलंस." तो म्हणाला, "मी तुला वाचवलं." मी म्हटलं, "चालता हो." तो झाला. आज्ञाधारक पहिल्यापासूनच.

सहा महिन्यांत कॅमेरा विकून तो चष्म्याचं काम शिकला आणि या डोंगरात येऊन बसला. मला टोमणा मारायला माणूस एवढ्या लांब आला.

आता सांगा, बरोबर कोण?

(वही काही बोलत नाही. हिला आणायला हवं होतं.)

१२ ऑक्टोबर

गेलो. फक्त वाचायचा चष्मा घ्यायला. वर्तमानपत्राशिवाय माणूस किती दिवस राहणार?

दुकान लहान. भिंतीभर फ्रेमा, मध्ये एक काळी खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता. धाकटा काउंटरमागे काच पुसत होता. मान वर केली आणि म्हणाला, "ये. बस."

नऊ वर्षांनी! 'ये, बस'! जणू मी समोर पाव आणायला गेलो होतो. वाट बघत असल्यासारखी खुर्चीही माझ्याकडे वळवून ठेवलेली. आतल्या पडद्यामागून त्याच्या बायकोचा आवाज, "आले का भाऊजी?" आणि लगेच तिने जीभ चावल्याचा आवाज. म्हणजे आवाज आला नाही, पण चावलीच असणार.

"वाचायचा चष्मा दे. नंबर जुनाच."

"तपासून देतो."

"जुनाच दे."

"दादा, दुकान माझं आहे. बस."

बसलो, गुडघा दुखत होता म्हणून.

"पहिली ओळ वाच."

"म."

"भ आहे तो."

"भ आणि म मध्ये फरक काय? एवढीशी गाठ."

"दुसरी ओळ?"

"दुसरी ओळ कुठाय?"

त्याने टॉर्च घेऊन डोळ्यांत बघितलं. इतक्या जवळ आला की त्याच्या श्वासातला वेलदोड्याचा वास कळला. मग टेबलावरचा एक कोरा कागद माझ्यासमोर धरला. "उजवा डोळा झाक. कागद कसला आहे?"

"पांढरा. जरा मळकट."

"आता डावा झाक."

डावा झाकला. कागद पिवळा झाला. चहा सांडून वाळल्यासारखा. पुन्हा उजवा झाकला, पांढरा. डावा झाकला, पिवळा. लहान मूल खेळतं तसं मी पाच-सहा वेळा केलं. वाद कोणाशी घालणार? साक्षीदारही माझा, आरोपीही माझा.

"मी डॉक्टर नाही," धाकटा म्हणाला, "पण हा मोतीबिंदू आहे. उजवा पुरता पिकलाय. डावाही त्याच मार्गावर आहे. कॅमेऱ्याला कोणता डोळा लावतोस?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"म्हणजे डोंगर..."

"डोंगर अजून हिरवा आहे, दादा. आत्ता कुठे कडेने पिवळा व्हायला लागलाय. आणि गेल्या आठवड्यात धुकं एकही दिवस नव्हतं."

मी उठलो. जाता जाता दारातून म्हटलं, "तेव्हा का नाही सांगितलंस? स्टुडिओत? माझ्या मागे लपून फोटो काढण्यापेक्षा?"

"सांगितलं होतं. तीनदा. डोळे तपासून घे म्हटलं होतं. तिसऱ्यांदा तू लेन्सचं झाकण फेकून मारलंस."

ते मी काल लिहायचं विसरलो. छोटंसं झाकण होतं.

१३ ऑक्टोबर

कुठेही गेलो नाही. खिडकीत बसून एक डोळा झाकत होतो, मग दुसरा. घर पिवळं, घर बरं. रस्ता पिवळा, रस्ता बरा. एवढी वर्षं मी लोकांना 'नजर लागते फोटोग्राफीला, नजर' म्हणून ऐकवत आलो. पासपोर्टच्या फोटोंवरून भांडायला आलेल्या माणसांना मी म्हणायचो, तुमचा चेहराच तसा आहे. आता त्यांतल्या किती जणांना शोधून माफी मागू? एकाला तर मी सांगितलं होतं, कातडीच्या डॉक्टरकडे जा.

भीती वाटते. ही गोष्ट हिच्यासमोर बोलणार नाही, वहीत लिहितो. कोणी डोळ्यात सुरी घालणार म्हटल्यावर साठीच्या माणसाला भीती वाटली तर त्यात काय? आणि समजा नंतर काहीच नीट दिसलं नाही, तर मी कोण? शटर वर करून खुर्चीवर बसणारा एक म्हातारा.

संध्याकाळी घरमालकीणबाई जेवण घेऊन माळ्यावर आल्या. ताट ठेवलं आणि स्वतःच छताला डोकं आपटून घेतलं. "आई गं!" मी हसलो. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "वीस मिनिटांचं काम असतं. हजारो बघितलीत मी. रडणारे पुरुषच असतात."

खाली जाऊन धाकट्याला फोन केला. "डॉक्टरची वेळ घे."

"उद्या सकाळी दहा. घेऊन ठेवलीय."

"कधी घेतलीस?"

"तू आलास त्या दिवशी," तो बोलून गेला. मग घाईने म्हणाला, "म्हणजे काल. दुकानात आलास तेव्हा."

डॉक्टरकडे गर्दी नसेल.

१५ ऑक्टोबर

काल तपासणी, आज ऑपरेशन. खालच्या गावातल्या दवाखान्यात. धाकट्याने गाडी चालवली. सबंध घाट आम्ही एकच विषय बोललो: वळणं. "हे वळण वाईट." "हो, वाईट." "पुढचंही वाईट आहे." नऊ वर्षांचं बोलणं तुंबलं की असं निघतं.

हिला परवा रात्री फोन केला होता, येऊ नकोस म्हणून. ही काल दुपारी बाराला दवाखान्याच्या दारात हजर. बस सात तासांची, पहिली बस सकाळी सातला सुटते. हिशेब जुळत नाही, पण बायकोच्या बाबतीत हिशेब जुळवणं मी केव्हाच सोडलंय.

ही आणि धाकट्याची बायको भेटल्या. नऊ वर्षांनी भेटणाऱ्या जावा! मला वाटलं रडारड होईल. तर ही म्हणाली, "तेल लावलंस का गुडघ्याला?" आणि ती म्हणाली, "लावलं, पण जिना चढताना अजून कळ येते." बायकांना एकमेकींच्या गुडघ्याचं न सांगताच कसं कळतं, हे एक कोडंच आहे.

ऑपरेशन वीस मिनिटांचंच. मी रडलो नाही. डोळ्यात औषध घातलं होतं, त्याचं पाणी आलं.

(वरचं सगळं मी सांगतोय, ही लिहितेय. शेवटचं वाक्य लिहिताना हसली.)

१६ ऑक्टोबर

सकाळी पट्टी काढली. आधी डॉक्टरचा कोट दिसला. इतका पांढरा की राग आला. मग खिडकी. खिडकीत आभाळ.

निळा! अरे, निळा म्हणून रंग असतो! मी विसरलोच होतो. पडदा निळा, कोपऱ्यातली बादली निळी. ती बादली मी किती वेळ बघत होतो कोण जाणे, नर्सने विचारलं, मळमळतंय का?

मग धाकटा दिसला. दुकानात त्याच्या कानाशी थोडे पिकलेले केस मला दिसले होते. सगळंच डोकं पांढरं आहे. डोळ्यांखाली पिशव्या आहेत. हनुवटीवर लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण आहे, ढकलणारा मीच होतो. नऊ वर्षं माझ्या मनात मी एका चाळीस-पंचेचाळिशीच्या माणसाशी भांडत होतो. तो माणूस कुठे गेला कळलंच नाही.

"काय बघतोस?"

"म्हातारा झालास."

"तूही काही कोवळा नाहीस. आरसा देऊ?"

आरसा दिला. परत घेतला तर बरं झालं असतं.

डॉक्टरने सांगितलं: वाकायचं नाही, चढायचं नाही, धुळीत जायचं नाही, चार दिवस घरात. म्हणजे कडा बंद. हिने परस्पर माझी बॅग धाकट्याच्या घरी हलवली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, म्हणून विचारलं नसेल.

१७ ऑक्टोबर

आज डोंगराला रंग आला.

घरमालकीणबाई येऊन सांगून गेल्या. बेकरीवाला सांगून गेला. दूधवाला सांगून गेला. मी काळा चष्मा लावून धाकट्याच्या स्वयंपाकघरात बसलोय, तिथल्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. चांगली भिंत आहे. आता विटा मोजता येतात.

धाकटा सकाळी लवकर कुठेतरी गेला होता. दुकान उघडायच्या आत परत आला. बुटांना चिखल.

१८ ऑक्टोबर

वादळ. दिवसभर वारा आणि पाऊस. संध्याकाळी थांबलं तेव्हा अंगणभर पानं: लाल, तांबडी, केशरी, पिवळी. झाडावर किती उरली ते विचारायची हिंमत झाली नाही. धाकट्याच्या बायकोनेच सांगितलं, "भाऊजी, फांद्या दिसायला लागल्या हो."

म्हणजे मी आठवडाभर हिरव्या डोंगराचे पिवळे म्हणून फोटो काढले आणि डोंगर खरंच पिवळा झाला तेव्हा भिंत बघितली. एवढा मुहूर्त ठरवून चुकवायला गेलो असतो तर जमलं नसतं.

१९ ऑक्टोबर

जेवण झाल्यावर धाकट्याने माझा कॅमेरा आणून माझ्यासमोर ठेवला.

"परवा वर गेलो होतो. तुझा कॅमेरा घेऊन. विचारलं नाही, पण लपवतही नाहीये. हे बघ."

ही ताटं उचलायची थांबली. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

फोटो बघितला. उतारावरून ऊन तिरपं आलेलं. वरती लाल, मध्ये केशरी, खाली ओढ्याकाठी अजून थोडा हिरवा राहिलेला. आणि एक पान नेमकं खडकाजवळ हवेत सुटलेलं. त्याची शीर अन् शीर दिसत होती. मला दिसत होती.

नऊ वर्षांनी कॅमेरा हातात धरलेला माणूस! मी काहीतरी खोड काढायला शोध शोध शोधली. डावीकडे एक फांदी जरा आत आलीय, तेवढीच सापडली.

"तुझ्या नावाने पाठवू?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता. याने मला तेव्हाही असंच विचारलं असतं, तर मी काय म्हणालो असतो? मी झाकण फेकलं असतं. मग स्टँड फेकला असता.

"फोन दे इकडे," म्हटलं.

छापखानेवाल्याला स्वतः, चष्म्याशिवाय, अक्षरं मोठी करून लिहिलं: "फोटो पाठवतोय. माझ्या धाकट्या भावाने काढलाय. खाली त्याचंच नाव टाका, माझं चुकूनही टाकू नका. डावीकडची फांदी कापली तरी चालेल."

धाकट्याने वाचलं. बराच वेळ वाचत होता, ओळी चारच होत्या. मग म्हणाला, "फांदी कापायची नाही."

"कापायला हवी."

"ती मुद्दाम घेतलीय मी."

"मुद्दाम घेतली म्हणून चूक चूक राहत नाही का?"

"दादा, तुला फ्रेम कधीच कळली नाही."

"आणि तुला लाइट!"

ही म्हणाली, "झालं यांचं सुरू," आणि दोघी ताटं घेऊन आत गेल्या. जाताना त्या एकमेकींकडे बघून का हसल्या, ते कळलं नाही.

२३ ऑक्टोबर

छापखानेवाल्याने फोटो घेतला. फांदीसकट. त्याची नजर मुळातच बेताची.

उद्या निघायचं होतं, पण डॉक्टर म्हणाले डावा डोळाही महिन्याभरात करून टाका. ही म्हणाली, मग जाऊन पुन्हा यायचं कशाला? स्टुडिओच्या दारावर पाटी लावायला भाचा आहे. काय लिहू म्हणून त्याने विचारलं. 'मालक बघायला शिकत आहेत' असं हिने सुचवलं. मी 'सुट्टी' लिहायला सांगितलं.

डोळ्यात औषध दिवसातून चार वेळा. मला स्वतःला जमत नाही, थेंब गालावर जातो. हिचा हात कापतो. म्हणून धाकटा दुकानातून चार वेळा येतो. मला त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवतो, माझी हनुवटी दोन बोटांनी वर करतो, खिडकीकडे वळवतो, पुन्हा जराशी डावीकडे, आणि म्हणतो:

"वर बघ. डोळा मिटू नकोस. हलू नकोस दादा, अगदी एक सेकंद."

मी हलत नाही.